तीन पिढ्यांची सागरी सफर

सुट्टीत सहलीला जावे असे तुम्हां सर्वांनाच वाटते. मित्रांबरोबर सहल काढणे सोपे असते. सर्वांचे वय सारखे आणि आवडही सारखी. पण घरातील तीन पिढ्या एकत्र निघाल्या तर? मग बेत नीट आखावा लागतो.

समजा, तुम्ही मालेगावला राहता. घरात आठ माणसे आहेत. दादाजान ७५ वर्षांचे आहेत, तर चाचांचे बाळ एक वर्षाचे. एका रात्री जेवताना चाचा म्हणाले, "या हिवाळ्यात आपण सगळे मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊ." दादाजानांचे डोळे चमकले. पूर्वी हजला जाणाऱ्यांची जहाजे मुंबईहून जेद्दाहला जात असत. १९९५ साली ती बंद झाली. लहानपणी दादाजानांनी आपल्या वडिलांना मुंबईच्या बंदरावरच निरोप दिला होता. त्यांना स्वतःला मात्र जहाजात पाऊल ठेवायला कधी मिळाले नाही.

सगळे आनंदले. दादीजान मात्र हळूच म्हणाल्या, "तुम्ही जा. मी घर सांभाळते."

अशा वेळी तुम्ही काय कराल? "बरे" म्हणून पुढे जाल का? तसे करू नका. वडीलधारी माणसे "नको" म्हणतात, तेव्हा त्यामागे पुष्कळदा एखादी भीती असते. त्यांच्याजवळ बसून विचारा. दादीजान सांगतील, "माझे गुडघे दुखतात. जिना चढवत नाही. रात्री दोनदा उठावे लागते. समुद्रात मळमळले तर तुमचीच पंचाईत."

आता वही घ्या आणि या अडचणी लिहून काढा. प्रत्येक अडचणीसमोर एक प्रश्न लिहा. तिकीट काढण्यापूर्वी हे प्रश्न जहाज कंपनीला विचारायचे आहेत. जहाजात लिफ्ट आहे का? चाकांची खुर्ची मिळेल का? खोलीला लागून न्हाणीघर आहे का? जेवण हलाल मिळेल का? एक वर्षाच्या बाळाला नेता येते का? फार लहान बाळांना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

खोली निवडतानाही विचार करावा. तराजूची दांडी पाहा. तिची टोके खालीवर होतात, पण मधला भाग फारसा हलत नाही. जहाजाचेही तसेच आहे. म्हणून ज्यांना मळमळण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागी असलेली खोली घ्यावी. मळमळू लागले तर मोकळ्या हवेत उभे राहून दूर क्षितिजाकडे पाहावे. पुस्तक वाचू नये.

ठिकाणही सोयीचे हवे. लक्षद्वीपची बेटे फार सुंदर आहेत. पण तेथील बऱ्याच बेटांजवळ मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरावे लागते. शिवाय तेथे जाण्यासाठी परवाना लागतो. गोव्याच्या मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते. दुखऱ्या गुडघ्यांना हेच बरे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

दादीजानांची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त पुरतील एवढी घ्या. ती मोठ्या पेटीत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठे सामान खोलीत पोहोचायला कधी कधी काही तास लागतात. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर असू द्या. मुंबईला एक दिवस आधी पोहोचा. उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९१२ साली टायटॅनिक हे जहाज बुडाले. त्यावर सुमारे २,२०० माणसे होती. पण जीवरक्षक होड्यांत जागा होती फक्त १,१७८ जणांची. सुमारे १,५०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जहाजांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम तयार झाले. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण दगावले. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची कवायत झालेली नव्हती. आता अशा जहाजांवर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेतात. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज म्हणजे धोक्याची सूचना. कवायतीच्या वेळी खेळत बसू नका. जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते शिका आणि दादीजानांचा हात कोण धरणार, बाळाला कोण घेणार, हे आधीच ठरवा.

शेवटी जमाखर्च. समजा, एका माणसाचे भाडे १८,००० रुपये आहे. सात जणांचे १,२६,००० रुपये झाले. बाळाचे भाडे वेगळे. शिवाय मुंबईपर्यंतचा प्रवास, मुंबईतील मुक्काम आणि गोव्यातील फिरणे. जहाजावरील साधे जेवण बहुधा भाड्यात येते, पण इतर गोष्टींचे पैसे पडतात. हे सारे वहीत मांडा. हिशेब बसत नसेल, तर कर्ज काढून सहल करू नये. २०२० सालापासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. प्रवास साधारण एक तासाचा. समुद्र तोच, वारा तोच आणि बरोबर माणसेही तीच!

तुमची वही पूर्ण झाली, की ती दादीजानांना वाचून दाखवा. आपल्या प्रत्येक भीतीसमोर कोणीतरी उत्तर लिहिले आहे, हे त्यांना दिसू द्या. मग कदाचित त्या विचारतील, "बोटीवर थंडी असते का रे? माझी शाल काढून ठेव."

समजा, त्या क्षणी तुमची सहल सुरू झाली.

शब्दार्थ
पंचाईत – अडचण
न्हाणीघर – स्नानाची खोली
क्षितिज – जेथे आकाश पाण्याला किंवा जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. दादीजान सहलीला का नको म्हणाल्या?
२. जहाजाच्या मध्यभागी असलेली खोली का घ्यावी?
३. कारण सांगा : औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.
४. जहाज, सफर, बंदर, किनारा, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.
५. तुमच्या घरातील सर्वांत मोठ्या व्यक्तीला प्रवासातील अडचणी विचारा आणि त्यावरचे उपाय पाच-सहा वाक्यांत लिहा.