किरणोत्सर्गानें दूषित झालेली भूमि

परळचें टाटा रुग्णालय गांवोगांवच्या लोकांस ठाऊक आहे. तेथेंच भाभा अणुसंशोधन केंद्राचें रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. त्याचा आरंभ १९६३ सालीं झाला. थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झालेल्यांस किरणोत्सर्गी आयोडीन देतात. मोठी मात्रा घेतलेल्या रोग्यास वेगळ्या खोलींत ठेवतात, व त्याचें मलमूत्र एकदम गटारांत न सोडतां टाक्यांत सांठवितात. असें कां? ह्याच्या उत्तरांत दूरच्या कांहीं बेटांच्या दुःखाचेंहि कारण सांपडतें. तें क्रमानें पाहूं.

१. मूळ नियम. किरणोत्सर्गी द्रव्य जाळल्यानें किंवा धुतल्यानें नष्ट होत नाहीं. तें केवळ जागा बदलतें. तें आपल्याच गतीनें झिजतें. निम्में होण्यास जो काळ लागतो तो त्याचा अर्धायुकाल. असे दहा काळ लोटले म्हणजे सुमारें हजारावा अंश उरतो. औषधांतील आयोडीनचा अर्धायुकाल ८ दिवस, म्हणून टाकींत ८० दिवस वाट पाहिल्यास काम होतें. परंतु सीझियमचा सुमारें ३० वर्षें, आणि प्लुटोनियमचा सुमारें २४,१०० वर्षें आहे.

२. बिकिनी. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, त्याच बोर्डानें १८५७ सालीं प्रशांत महासागरांतील मार्शल बेटांत कार्य आरंभिलें. तेव्हां तेथील मंडळ्या आमच्या जुन्या भाऊबंद होत. १९४६ च्या फेब्रुवारींत एका रविवारीं उपासनेनंतर अमेरिकन आरमाराच्या अधिकाऱ्यानें बिकिनीकरांस विनविलें कीं, मानवजातीच्या हितासाठीं तुम्हीं तात्पुरतें बेट सोडावें. मार्च महिन्यांत १६७ माणसें निघालीं. १९५८ पर्यंत तेथें २३ स्फोट झाले. पुढें १९६९ सालीं मोडतोड साफ करून नारळाचीं झाडें लाविलीं; कांहीं कुटुंबें परतलीं; परंतु १९७८ सालीं त्यांस पुन्हां हालवावें लागलें. प्रवाळाच्या मातींत पोटॅशियम फार थोडें असतें. त्यामुळें झाडें त्याच्यासारखेंच असलेलें सीझियम ओढून घेतात, आणि तें नारळांतून माणसांच्या देहांत जातें. वरची माती खरवडली तर सीझियम जातें, पण तिच्याबरोबर जमिनीचा कसहि जातो. पोटॅशचें खत घातल्यास झाडें सीझियम पुष्कळच कमी घेतात, असें प्रयोगांनीं दिसून आलें.

३. एनेवेटाक. येथें १९४८ ते १९५८ ह्या काळांत ४३ स्फोट झाले. १९७७ ते १९८० पर्यंत सुमारें ४,००० सैनिकांनीं सफाई केली. प्लुटोनियम मिसळलेली माती सिमेंटांत कालवून रुनित बेटावर, १९५८ च्या एका स्फोटानें पडलेल्या खड्ड्यांत भरली, व वर सुमारें ४५ सेंटिमीटर जाडीचें काँक्रीटचें झांकण घातलें. खालीं मात्र अस्तर नाहीं. सच्छिद्र प्रवाळांतून भरती-ओहोटीबरोबर पाणी चढतें व उतरतें. लोक १९८० सालीं इतर बेटांवर परतले. रुनित वस्तीस बंदच आहे. काँक्रीटचें झांकण चोवीस हजार वर्षांच्या द्रव्यास कसें पुरेल?

४. बोध. सफाईचे मार्ग तीन: वाट पाहणें, अडविणें, व काढून दुसरीकडे नेणें. कोणता लागू पडेल हें मनुष्याच्या इच्छेवर नव्हे, तर द्रव्याच्या काळावर ठरतें. म्हणून “तात्पुरतें” हा शब्द देणाऱ्यानें तो काळ आधीं मोजला पाहिजे होता. २००१ सालीं न्यायाधिकरणानें बिकिनीकरांस ५६ कोटि डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. पण निधीच्या अभावीं तिचा अल्पांशच हातीं आला. बेटावर अद्यापि कायमची वस्ती नाहीं. परळास टाकी आधीं बांधतात व औषध मागाहून देतात. तेथें स्फोट आधीं झाले व टाकीचा विचार मागाहून झाला. हा क्रमाचा भेद ध्यानांत ठेवावा.

विचारासाठीं प्रश्न.
(अ) धुतल्यानें किरणोत्सर्गी द्रव्य नाहींसें कां होत नाहीं?
(आ) माती खरवडणें व खत घालणें ह्यांत कोणते लाभ व हानि आहेत?
(इ) दुसऱ्याची जमीन मागतांना कोणतें वचन देणें न्याय्य होय?