लॅपटॉपचा हप्ता आणि दुसऱ्या वर्षाची फी

प्रश्न : माझी मुलगी या वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. कॉलेज पुण्यातच आहे, ती घरून जा-ये करणार. घरात २०१६ सालचा डेस्कटॉप आहे. आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, पण सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. घराजवळच्या दुकानदाराने मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बदलून देण्याचे २४,००० रुपये सांगितले. तेवढे पैसे मी बाजूला ठेवले आहेत. मुलीचं म्हणणं, लॅपटॉपच हवा, सगळ्यांकडे असतो. शोरूममध्ये ७२,००० रुपयांचा एक बघून ठेवला आहे. १२ महिने, दरमहा ६,०००, नो कॉस्ट ईएमआय, पहिला हप्ता जागेवरच. मुलीला अठरा पूर्ण झाली आहेत, तेव्हा कर्ज तिच्या नावावर घ्या, तुम्ही सहकर्जदार व्हा, म्हणजे तिचा सिबिल आत्तापासून तयार होईल, असं तिथल्या मुलाने सुचवलं. मला ते पटलं. नोकरी खासगी, वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या आत. दुचाकीचा हप्ता चालू आहे. दुसऱ्या वर्षापासून फीसाठी बहुधा शैक्षणिक कर्ज काढावं लागेल, पण तो पुढचा प्रश्न. सध्या एवढंच सांगा : डेस्कटॉप सुधारावा की लॅपटॉप घ्यावा? आणि ग्राफिक्स कार्ड लागतं का?
— एक पालक, सदाशिव पेठ, पुणे ३०

उत्तर : यंत्राचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फारसं अवघड काही नाही. कॉम्प्युटर शाखेच्या मुलीला चार वर्षांत लॅपटॉप लागणारच. ग्रुप प्रोजेक्ट, सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीकडे बसून केलेलं काम, पुढे इंटर्नशिप, ही कामं घरातल्या टेबलावरच्या डेस्कटॉपवर होत नाहीत. पण पहिल्या सत्रात मुख्यतः गणित, विज्ञानाचे विषय, ड्रॉइंग आणि तोंडओळखीपुरतं प्रोग्रॅमिंग असतं, आणि कॉलेजात लॅब असते. कॉलेज सुरू होताना लॅपटॉप हातात नाही म्हणून कुणी नापास झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२४,००० रुपयांची दुरुस्ती मात्र करू नका. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क बदलल्यावर जुन्यातला उरतो काय, तर डबा, मॉनिटर आणि कीबोर्ड. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली तुम्ही नवा डेस्कटॉप घेताय, तोही रॅमचे भाव चढलेले असताना. फक्त एसएसडी घाला. दहा मिनिटांचं दुखणं तेवढ्याने जाईल. तुम्ही राहता त्याच पेठेत संगणकाच्या सुट्या भागांची इतकी दुकानं आहेत की पायी फिरून तीन ठिकाणचे भाव घेता येतील. राहिला विंडोजचा मुद्दा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तुमचा २०१६ चा त्यात बसत नाही. नव्या एसएसडीवर उबुंटू टाकून घ्या. फुकट आहे, सी आणि पायथन त्यावर व्यवस्थित शिकता येतं, आणि या शाखेत लिनक्स पुढे शिकावंच लागतं. ग्राफिक्स कार्ड : नको. गेमिंग लॅपटॉप : अजिबात नको.

आता तुम्ही ज्याला ‘पुढचा प्रश्न’ म्हणून एका ओळीत बाजूला सारलंत, त्याकडे येतो. तुमची खरी काळजी फीची आहे, हे पत्रात दिसतंय. आणि ज्या कागदावर तुम्ही लॅपटॉपसाठी सही करायला निघाला आहात, तोच कागद फीच्या कर्जाच्या आड येऊ शकतो.

आधी ‘नो कॉस्ट’ म्हणजे काय ते पाहू. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज असं काही मुळात नसतंच, असं स्पष्ट लिहून बँकांच्या त्या योजनांना चाप लावला. मग पाटी बदलली आणि ‘नो कॉस्ट’ आलं. शोरूममध्ये जाऊन एकच वाक्य विचारा : “आत्ता सगळे पैसे दिले तर केवढ्याला द्याल?” समजा उत्तर ६७,५०० आलं. म्हणजे वरचे ४,५०० हे व्याजच. शिवाय तुमचा पहिला हप्ता जागेवर जातोय, म्हणजे प्रत्यक्षात तुम्हाला उसने मिळतात ६१,५०० आणि फेडायचे ११ हप्ते. हा दर वर्षाला १४ टक्क्यांच्या वर जातो. त्यात प्रोसेसिंग फी आणि तुम्ही न मागितलेला एखादा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ मिळून २,५०० रुपये सुरुवातीलाच घेतले, की दर २३ टक्क्यांच्या घरात. हेच क्रेडिट कार्डावर केलंत तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

तरीही सांगतो, माणसं या ४,५०० रुपयांनी बुडत नाहीत. बुडतात ती पुढच्या गोष्टीने, आणि ती मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता पालकाने पहिलं वाक्य उच्चारलं की शेवटचं मला कळतं. चार-पाच महिन्यांत लॅपटॉप बिघडतो. बिजागरी तुटते, कीबोर्डच्या दोन कळा मरतात, किंवा चार्जच होत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. शोरूम म्हणतं, आमचा संबंध नाही, कंपनीकडे जा. तीन आठवडे खेटे घातल्यावर वडील चिडतात आणि, त्यांच्या मते न्यायाने, ठरवतात : वस्तू दुरुस्त होत नाही तोवर हप्ता नाही. बँकेत जाऊन हप्ता आपोआप कापण्याचं मँडेट बंद करतात, किंवा खात्यात पैसेच ठेवत नाहीत.

इथे गफलत होते. लॅपटॉप विकला शोरूमने, बनवला कंपनीने, पण पैसे दिले तिसऱ्याच वित्तसंस्थेने. तिचे पैसे शोरूमला पहिल्याच आठवड्यात पोचलेले असतात. बिजागरी तुटली की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. हप्ता परत गेला की तुमची बँक दंड लावते, वित्तसंस्था वेगळा लावते, आणि थकल्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे जाते. नव्वद दिवस ओलांडले की खातं बुडीत गटात. मग वसुलीचा फोन येतो आणि दुसरा सापळा लागतो. फोनवरचा माणूस गोड बोलतो : “निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू.” पालकांना वाटतं, जिंकलो. अहवालावर मात्र ‘सेटल्ड’ असा शब्द चिकटतो, आणि बँकेच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ही नोंद सात वर्षं तरी मागे राहते.

वर्ष उलटतं. दुसऱ्या वर्षाची फी भरायची म्हणून तोच बाप मुलीला घेऊन बँकेत जातो. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो, त्यामुळे अहवाल दोघांचे निघतात. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला लॅपटॉपची हकिकत ऐकायला वेळ नसतो. सहा हजारांचे तीन हप्ते थकलेले त्याला दिसतात आणि लाखांची फाइल तिथेच अडकते. शोरूमच्या सल्ल्यानुसार कर्ज मुलीच्या नावावर असेल, तर डाग दोघांना. तिचा सिबिल ‘तयार’ होतो खरा.

मुलीच्या नावाचा आणखी एक धोका कुणी सांगत नाही. हप्त्याचं मँडेट तिच्या बँक खात्याला लागतं. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती मंजूर झाली तर ती आधारला जोडलेल्या खात्यात येते, म्हणजे बहुतेक वेळा त्याच खात्यात. आलेल्या पैशातून आधी हप्ता कापला जातो. अठराव्या वर्षी, एक रुपया कमाई नसताना, कर्जदार होण्यात कसलीही शहाणीव नाही. तिला पुढे पगार सुरू झाल्यावर सिबिल बनवायला आयुष्य पडलंय.

म्हणून तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न असा : शैक्षणिक कर्ज कधी आणि कसं मागावं, आणि लॅपटॉप त्यात बसतो का? बसतो. भारतीय बँक संघाच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाची वाजवी किंमत खर्चात धरता येते. पहिल्याच वर्षी चारही वर्षांचा खर्च एकत्र मांडून अर्ज करा. कॉलेजकडून खर्चाचं पत्र घ्या, लॅपटॉपचं कोटेशन जोडा. कर्ज मंजूर झालं तरी उचल लागेल तशी करायची असते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. चार लाखांपर्यंत त्या योजनेत तुमचा वाटाही मागत नाहीत. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होते. जुन्या करप्रणालीत असाल तर या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. शोरूमच्या हप्त्याला यातलं काहीही मिळत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत तुमचं कॉलेज आहे का, तेही पोर्टलवर बघा. यादीत असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते.

आणि त्याही आधी, फी खरंच भरावी लागणार आहे का? प्रवेश कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला की संस्था स्तरावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही, प्रवर्गही लिहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचं उत्पन्न तुम्हीच सात लाखांच्या आत सांगताय. उद्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जा. तहसील कार्यालयातले दाखले आणि महाडीबीटीचा अर्ज यांना मुदत असते आणि ती दरवर्षी कुणाची तरी हुकते. एवढी मोठी सवलत तपासायची सोडून लॅपटॉपच्या रंगावर घरात वाद घालणारे पालक बघितले की मला, स्पष्टच सांगतो, राग येतो.

लॅपटॉपचे पैसे तुमच्याकडेच आहेत, हेही पत्रातच दडलंय. दरमहा ६,००० देण्याची तयारी आहे ना? मग तेच आत्तापासून रिकरिंगमध्ये टाका. सात महिन्यांत ४२,००० होतात. बाजूला ठेवलेल्या २४,००० मधून एसएसडीला फार तर पाच गेले असं धरा, १९,००० उरतात. एकूण ६१,०००. दुसऱ्या सत्रात, नेमकं कशासाठी लागतोय हे मुलीला कळल्यावर, रोखीने घ्या. तोवर ७२,००० चा लागत नाही हेही तिला कळलेलं असेल. हिंजवडीच्या कंपन्यांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप पुण्यात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण जीएसटीचं बिल, लेखी वॉरंटी आणि विंडोज ११ चालणारा प्रोसेसर, यातलं एक जरी नसेल तर दुकानातून बाहेर पडा. सोनं गहाण ठेवून लॅपटॉप, मेहुण्याच्या कार्डावर लॅपटॉप, फोनवरच्या अ‍ॅपमधून ‘दोन मिनिटांत कर्ज’ : या तिन्हींवर चर्चा करायची माझी तयारी नाही.

तरीही हप्त्यावरच घेणार असाल, तर तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या आणि सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर सगळ्या फी धरून एका आकड्यात छापलेला असतो. तो आकडा वाचून दाखवायला विक्रेत्याला सांगा. लॅपटॉप बिघडला तरी हप्ता चालू ठेवा आणि भांडण वेगळं भांडा : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. शेवटचा हप्ता फिटला की वित्तसंस्थेकडून एनओसी लेखी घ्या.

या आठवड्यात करायचं एक काम. तुमचा स्वतःचा क्रेडिट अहवाल काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. दुचाकीचा एखादा हप्ता चुकीने थकलेला दिसत असेल तर आत्ताच तक्रार नोंदवा. दुरुस्तीला तीस दिवसांपेक्षा जास्त लागले तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बँकेत अर्ज नेण्याआधी हे झालेलं हवं. आणि शोरूममध्ये मुलीचं आधार-पॅन देऊन तुम्ही फॉर्म भरून आला असाल, पत्राच्या सुरावरून मला तशी शंका आहे, तर आजच तिथे जा. डिजिटल कर्जाला किमान एक दिवसाची माघारीची मुभा असते, ती वापरा, आणि कर्जाचा अर्ज रद्द झाल्याचा मेसेज फोनवर येईपर्यंत काउंटरवरून हलू नका.