खो कुणी घातला?

प्रश्न : आमच्या शाळेच्या वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीची नोंद आम्ही रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर ठेवतो. गेल्या आठवड्यात दुपारी लाइट गेली, दहा मिनिटांनी आली आणि तेव्हापासून हा चालूच होत नाही. तांबडा दिवा नीट लागतो. हिरवा दोन-चार सेकंद लुकलुकतो आणि विझतो. टीव्हीला जोडला तर आधी सप्तरंगी चौकोन दिसतो, मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभरा वर सरकतात आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' असं काहीतरी येऊन सगळं थिजतं. त्या ओळीच्या टोकाला १७९ आणि २ असे आकडे आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, कार्ड फॉरमॅट मारा. पण आत तीन वर्षांच्या नोंदी आहेत, हात धजत नाही. मुलांनी तर तिसरंच विचारलं : "सर, चालू होताना तो एवढा वेळ आत करतो तरी काय?" दोन्हींचं उत्तर द्याल का?
— एक शिक्षक, जि. सोलापूर

उत्तर : आधी कार्ड काढून एका डबीत ठेवा. फॉरमॅट मारू नका. तुम्ही जे बारकाईनं पाहून लिहिलंय, त्यात निम्म्याहून जास्त निदान झालेलं आहे. ते कसं, हे कळायला आधी मुलांच्या प्रश्नाकडे जावं लागेल.

मुलांना सांगा, आत खो-खो चालतो. पाटीवर बसलेला गडी आपणहून उठत नाही. मागून पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला, तरच तो पळतो. पायमध्ये असे पाच गडी ओळीनं बसलेले असतात.

गंमत म्हणजे वीज आल्यावर पहिला उठतो तो मुख्य प्रोसेसर नव्हे. पाय ३ मध्ये आधी ग्राफिक्सचा प्रोसेसर जागा होतो, मुख्य प्रोसेसर तोवर झोपलेलाच असतो. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक चिमुकला प्रोग्रॅम असतो, त्याला रॉम म्हणू. हा पहिला गडी. कार्डाच्या पहिल्या भागात 'बूटकोड' नावाची फाइल शोधायची, एवढंच त्याला ठाऊक. ती सापडली की तिला खो. बूटकोड मेमरी जागी करतो आणि 'स्टार्ट' फाइलला खो देतो. हा तिसरा गडी कॉन्फिगची फाइल वाचतो, लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, मेमरीत आणून ठेवतो आणि मग कुठे मुख्य प्रोसेसरला उठवतो. तुम्हाला दिसलेला सप्तरंगी चौकोन याचाच. चौथा गडी कर्नल. तो कार्डाचा दुसरा, मोठा भाग उघडतो, कारण सगळी व्यवस्था आणि तुमच्या नोंदी तिथे असतात. तिथून तो पाचव्याला, म्हणजे सिस्टिमडीला खो देतो. पुढे लॉगिन, पडदा, तुमचा प्रोग्रॅम ही सगळी त्याची जबाबदारी.

मराठीत खो देणं वेगळं आणि खो घालणं वेगळं. एकानं काम पुढे जातं, दुसऱ्यानं अडतं. यंत्र बंद पडलं की 'काय बिघडलं' असं विचारण्याआधी 'खो कुठवर पोचला' असं विचारावं. तुमच्याकडे चौकोन दिसला, म्हणजे पहिले तिघं पळाले. पांढऱ्या ओळी धावल्या, म्हणजे कर्नलही उठला. अडलं ते त्यानं दुसरा भाग उघडायला घेतला तिथे. ते आकडेही हेच सांगतात. लिनक्समध्ये १७९ हा एसडी कार्डांच्या जातीचा क्रमांक आणि २ म्हणजे त्यावरचा दुसरा भाग. कर्नल म्हणतोय : कार्ड सापडलं, दुसरा भागही सापडला, पण आतली मांडणी मला लागत नाही. (पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत याच जागी पॅनिकऐवजी 'इनिटरामएफएस' असं लिहिलेला प्रॉम्प्ट येऊ शकतो.)

म्हणजे संशयित ठरला : लाइट गेली तेव्हा कार्डावर काहीतरी लिहिणं चालू होतं आणि ते अर्धवट राहिलं. वहीत नोंद करताना कुणी हात ओढावा, तसं. पानं शाबूत असतात, अनुक्रमणिका बिघडलेली असते. फॉरमॅट मारणं म्हणजे अनुक्रमणिकेसाठी वही फाडून टाकणं.

आता उपाय. शाळेच्या संगणकावर पेन ड्राइव्हवरून उबुंटू लिनक्स चालू करा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. विंडोजमध्ये कार्ड घातलंत तर 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी उघडेल. घाबरू नका, कॅन्सल करा. विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, म्हणून ते प्रत्येक धडधाकट कार्डालाही हेच म्हणतं. दुरुस्तीवाल्याचा सल्ला बहुधा त्या खिडकीतूनच आला असावा.

उबुंटूत आधी 'एलएसबीएलके' या आज्ञेनं कार्डाचं नाव नीट पाहून घ्या. आकारावरून ओळखता येतं. इथे घाई केली तर शाळेची हार्डडिस्क पुसली जायची. मग 'डीडी' या आज्ञेनं कार्डाची अख्खी नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या कार्डावर घ्या. वाचताना मध्येच चुका आल्या तर 'डीडीरेस्क्यू' वापरा, तो वाचता येईल तेवढं आधी उचलतो. दुरुस्ती नक्कल केलेल्या कार्डावरच करायची, मूळ कार्ड डबीत. नव्या कार्डाचा दुसरा भाग अनमाउंट करून त्यावर 'एफएससीके' हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवा. तो विचारत जाईल, तुम्ही होकार देत जा. सुपरब्लॉक (मांडणीचा मुख्य तक्ता) खराब आहे असं म्हणाला तरी हातपाय गाळू नका. त्याच्या नकला कार्डावर ठरलेल्या जागी असतात, पहिली सहसा ३२७६८ व्या ब्लॉकला, आणि 'बी' हा पर्याय देऊन तिथून सुरुवात करता येते.

मूळ कार्डावरच दुरुस्ती केलीत तर कधीकधी एक विचित्र प्रकार दिसतो : एफएससीके सगळं दुरुस्त झालं म्हणतो आणि पुन्हा चालवला की त्याच चुका जशाच्या तशा हजर. कार्ड झिजलं की काही वेळा ते लिहून घेणंच बंद करतं, पण तसं सांगत नाही. असं कार्ड पुन्हा वापरू नका.

इतर वाचकांसाठी बाकीच्या जागाही सांगून ठेवतो. चौकोनच आला नाही आणि हिरवा दिवा मोजून लुकलुकतो आहे, तर लुकलुक मोजा : ४ वेळा म्हणजे स्टार्ट फाइल सापडली नाही, ७ वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. जुन्या पायचं कार्ड नव्या पायमध्ये घातलं की हे होऊ शकतं. 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' म्हणत कर्नल ताटकळला असेल, तर बहुधा सीएमडीलाइनच्या फाइलमध्ये दुसऱ्या भागाची ओळख चुकीची लिहिली गेली आहे. ती फाइल एकाच ओळीची असावी लागते, मध्ये एन्टर पडला की पुढचं वाचलंच जात नाही. 'इमर्जन्सी मोड' आला तर बहुधा एफएसटॅबच्या फाइलमध्ये नोंदवलेला एखादा पेन ड्राइव्ह जागेवर नसतो. त्याच्या ओळीत 'नोफेल' लिहिलं की प्रश्न मिटतो. पाय ४ पासून सुरुवातीचा प्रोग्रॅम बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, त्यामुळे कार्ड नसलं तरी तो पडद्यावर काहीतरी सांगतो. पाय ३ कार्डाविना मुका.

आणि हिरवा नव्हे, तांबडाच दिवा मिणमिणत असेल तर कार्डाला हात लावू नका, आधी केबल बदला. मी स्वतः एकदा दोन संध्याकाळी कार्डं बदलत बसलो होतो आणि दोष निघाला मोबाइलच्या बारीक केबलमध्ये. हिशेब साधा आहे. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. केबलच्या जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून पाव ओहम रोध असला आणि २ अँपिअर ओढले, तर वाटेतच अर्धा व्होल्ट खर्च होतो. उरले ४.६. आणि ४.६३ च्या खाली गेलं की तांबडा दिवा विझतो.

तुमचं यंत्र उठलं की तीन गोष्टी करा. बंद करताना शटडाउन द्या आणि हिरवा दिवा पूर्ण शांत झाल्यावरच बटण दाबा. लाइट जाते त्या दहा-वीस मिनिटांपुरता छोटा यूपीएस लावा. आणि नोंदींच्या फाइलची नक्कल दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घ्या, हे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवलंत तरी चालेल.

मुलांसाठी एक खेळही सुचवतो. पाच जणांना मैदानावर ओळीनं बसवा : रॉम, बूटकोड, स्टार्ट, कर्नल, सिस्टिमडी. एकाच्या कानात सांगा, खो मिळाला तरी उठायचं नाही. बाकीच्या वर्गाला तो कोण हे सांगायचं नाही. त्यांना फक्त दिवा आणि पडदा यांच्या खुणा द्यायच्या : चौकोन दिसला, ओळी धावल्या, मग थांबलं. बघा, कुणाच्या पाठीवर बोट ठेवायचं हे त्यांना किती पटकन कळतं ते.