पहिली कादंबरी आणि पालटतें ऋतुमान

कादंबरी लिहावी असें ज्यांस मनापासून वाटतें, असे विद्यार्थी प्रत्येक शाळेंत दोन-चार तरी असतात. परंतु आरंभ कोठून करावा, या प्रश्नापाशींच त्यांतील बहुतेकांची लेखणी अडते. संपूर्ण कथानक सुचल्यावांचून लिहावयास बसूं नये, अशी त्यांची समजूत असते. आमच्या मतें आरंभ एका गांवापासून व तेथील हवापाण्यापासून करणें अधिक सुलभ व अधिक हितावह होय. दोन उदाहरणें पाहूं.

इ. स. १८१५ च्या एप्रिल महिन्यांत सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. उंच वातावरणांत पसरलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनीं सूर्याचें ऊन अडविलें, आणि पुढील वर्षीं यूरोपांत नेहमींचा उन्हाळा आलाच नाहीं. पिकें बुडालीं, धान्य महागलें. त्याच १८१६ सालीं, पुढें मेरी शेली या नांवानें प्रसिद्ध झालेली अठरा वर्षांची एक तरुणी जिनीव्हा सरोवराच्या कांठीं पावसामुळें घरांत अडकून पडली होती. प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी, अशी सूचना कवि बायरन यानें केली. मेरीस कित्येक दिवस कांहींच सुचलें नाहीं. परंतु अखेर जें सुचलें त्यांतून ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही तिची पहिली कादंबरी निर्माण झाली व १८१८ सालीं ती छापली गेली. तींतील हिमनद्या व गोठलेला उत्तर समुद्र वाचतांना त्या गारठलेल्या वर्षाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या माणदेशाचें. व्यंकटेश माडगूळकर यांची कादंबरी ‘बनगरवाडी’ १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. धनगरांच्या लहानशा वाडींत एक तरुण शिक्षक येतो, हळूहळू माणसें त्याला आपलासा करतात; आणि मग पाऊस दगा देतो, मेंढरें मरूं लागतात व वाडी ओस पडते. मेंढरांवर ज्यांचें पोट आहे अशीं माणसें लेखकानें आधींच आपल्या ओळखीचीं करून दिलेलीं असतात. म्हणून न पडलेल्या पावसाचा अर्थ वाचकास निराळा सांगावा लागत नाहीं.

आजच्या तरुण लेखकाचें काम याहून अवघड आहे. ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा निबंध लिहितांना मृगाच्या सरी व धरित्रीचा हिरवा शालू हीं वर्णनें आपल्या हातून आपोआप उतरतात. पण ऋतुमान आतां पूर्वीचें राहिलेलें नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१६ सालीं लातूरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. २०२० सालीं हवामान खात्यानें मुंबईंतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. अशा काळांत पाठ केलेला ऋतु लिहिणें म्हणजे वाचकाशीं अप्रामाणिकपणा करणें होय.

तथापि केवळ संकटाचें वर्णन केल्यानें कादंबरी होत नाहीं. माणूस त्याच्याशीं जुळवून कसें घेतो, हें पाहिलें पाहिजे. २०१० सालच्या मे महिन्यांतील उष्णतेच्या लाटेंत अहमदाबादेंत फार मोठी प्राणहानि झाली. त्यानंतर २०१३ सालीं तेथें उष्णतेपासून बचावाची योजना आंखण्यांत आली. पूर्वसूचना, पिण्याच्या पाण्याची सोय व पुढें छपरांस पांढरा रंग, असे उपाय झाले. भर दुपारीं काम बंद ठेवावें, हा सल्ला शहाणपणाचा खराच. पण रोजंदारीच्या बिगाऱ्याचा अर्धा दिवस बुडाला, तर रात्रीं त्याच्या घरीं चूल कशी पेटावी? योजनेच्या कागदावर हा प्रश्न एका ओळीचा असतो. कादंबरीकारास तो एका कुटुंबाचा होऊन भेटतो. ऊन सर्वांवर सारखेंच पडतें, छप्पर मात्र सर्वांचें सारखें नसतें.

तेव्हां ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं प्रथम एक वही घ्यावी व वर्षभर आपल्या गांवाची रोजनिशी ठेवावी: विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत तळाशीं गेलें, आंब्याचा मोहोर कधीं गळाला, कोणतें दुकान दुपारीं मिटूं लागलें. नंतर एकच माणूस निवडावा, आणि ऋतु पालटल्यामुळें त्याला रोजची कोणती संवय मोडावी लागली, तेवढेंच पहिल्या प्रकरणांत सांगावें. वादळ आणून कथा संपविण्याचा मोह टाळावा. ज्यांचीं कौलें खरोखर उडालीं, तेही आपले वाचक आहेत. दररोज एक पान लिहिलें तरी पुरे. पुढील पावसाळ्यापर्यंत वही भरेल, आणि त्या वहींत आपल्या कादंबरीचीं माणसें आधींच राहावयास आलेलीं आहेत, असें आपणांस दिसून येईल.