घरच्या घरी यागी

प्रश्न : १४५ मेगाहर्ट्झसाठी तीन दांड्यांची यागी अँटेना बनवली, पण एसडब्ल्यूआर ३ च्या खाली येत नाही. चूक कुठे?

उत्तर : तुमची मापे बहुधा ठीकच असतील. या वारंवारितेची तरंगलांबी सुमारे २०७ सेंटिमीटर. मागची परावर्तक दांडी १०३, मधली ९७ आणि पुढची दिग्दर्शक ९१ सेंटिमीटर, दोन दांड्यांत ४० सेंटिमीटर अंतर, एवढ्यावर सुरुवात करावी. दांडीच्या जाडीनुसार लांबी थोडी बदलते.

घोडे अडते ते जोडणीत. मधल्या दांडीजवळ इतर दांड्या आल्या की तिचा रोध ५० ओहमच्या बराच खाली येतो आणि केबलशी मेळ बसत नाही, म्हणून एसडब्ल्यूआर चढतो. यावर मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे तांब्याच्या तारेची ‘यू’ आकाराची कडी. मधली दांडी मध्यावर कापून किंचित आखूड करा, कापलेल्या दोन्ही टोकांना केबल जोडा आणि तिथेच ही कडी डाखवा. मग कडीची लांबी थोडी थोडी बदलत मीटर पाहा. एसडब्ल्यूआर १.५ च्या खाली आला की थांबा.

या दांड्या ज्यावर बसवता तो आडवा दांडा धातूचा असेल तर मापे बदलतात. पीव्हीसी पाइप वापरा. जोडणीपाशी केबलचे पाचसहा वेटोळे घाला, नाहीतर केबलचे बाहेरचे आवरणच अँटेना होते. मोजणी मोकळ्या गच्चीवर करा, लोखंडी कठड्यापासून लांब. आणि प्रक्षेपण परवाना हाती आल्यावरच.

जाता जाता : ‘यागी’ म्हणताना शिंतारो उदा यांचेही नाव घ्या. १९२६ च्या या शोधातले मुख्य काम त्यांचे होते.