आगीवरून परतल्यावर पहिला कागद
फायरमनची आजारी रजा आणि डॉक्टरचा दाखला



१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस आणि दारूगोळा दोन्ही भरलेले होते. स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांना मानवंदना दिली जाते, ती योग्यच आहे. पण जे जवान जखमी होऊन, धूर खाऊन घरी येतात, त्यांच्या रजेचे आणि पगाराचे काय, याविषयी आपल्या घरांत फारशी माहिती नसते.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात सुके गवत पेटते आणि आंबा-काजूच्या बागांत वणवे शिरतात. नगरपरिषद, नगरपंचायतीचे बंब धावतात. त्यांवर कोणी कायम असतो, कोणी कंत्राटी. ज्या घरातला माणूस बंबावर आहे, त्या घरातल्या सर्वांनी हे वाचावे. कारण तो स्वतः "काय झाला नाय, जरा खोकलो हा" एवढेच सांगतो.

धुराचा त्रास उशिरा कळतो

धूर छातीत गेल्यावर त्रास लगेच होतोच असे नाही. काही वेळा तो एक-दीड दिवसाने वाढतो. आवाज बसणे, थुंकीत काजळी येणे, दम लागणे, छातीत दुखणे, डोके जड होणे, उलटी, गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला असला तरी ते यंत्र आकडा चांगला दाखवू शकते. खरे चित्र रक्ततपासणीतच कळते. कसालच्या लोकांना ओरोसचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. रुग्ण जास्त असेल तर १०८ ला फोन करा.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनच्या कामाला कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून बारीक त्रासाचीही केसपेपरवर नोंद हवी. दहा वर्षांनी तोच कागद बोलतो.

आजार वेगळा, कामावरची इजा वेगळी

हा या लेखातला मुख्य मुद्दा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत. कायम फायरमनने आपल्याला कोणते रजा नियम लागू आहेत, ते आस्थापना शाखेत विचारून घ्यावे. १९८१ च्या नियमांत ढोबळमानाने असे आहे:

१. अर्धवेतनी रजा : वर्षाला २० दिवस. जानेवारीत १० आणि जुलैत १० जमा होतात.

२. परिवर्तित रजा : दाखला देऊन घेतली तर पगार पूर्ण मिळतो, पण एका दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्च होतात. दहा दिवस घरी राहिलात तर खात्यातून वीस दिवस गेले.

३. विशेष विकलांगता रजा : कर्तव्य बजावताना झालेल्या इजेसाठी, जास्तीत जास्त २४ महिने. ही रजा खात्यातून वजा होत नाही. मात्र इजेचा परिणाम घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दिसलेला असावा आणि ती गोष्ट तातडीने कार्यालयाला कळवलेली असावी.

आता पाहा. वणव्यावर भाजलेल्या माणसाने "ताप व अशक्तपणा" असा दाखला आणून मेडिकल टाकली, तर ती साधी आजारी रजा झाली. स्वतःची साठवलेली रजा संपली आणि पुढचे दिवस बिनपगारी होण्याची वेळ आली. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत सांगा : "अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, ड्युटीवर असताना आगीत इजा झाली." आणि तसेच केसपेपरवर लिहून मागा.

दाखल्यात काय हवे

डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची खूण. आजाराचे किंवा इजेचे नाव. कोणत्या तारखेपासून किती दिवस विश्रांती हवी, तो आकडा. मागच्या तारखेचा दाखला मागू नका. तो पकडला गेला तर खरी इजाही खोटी ठरते.

दाखला दिला म्हणजे रजा मंजूर झाली असे नाही. अर्ज करावा लागतो. शंका वाटल्यास कार्यालय दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घेऊ शकते. अर्ज आवक विभागात द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या. फोनवर सांगितलेले पुढे कोणाला आठवत नाही.

कंत्राटी असाल तर

पगारपावती पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांची कर्मचारी राज्य विम्याची कपात होत असेल, तर कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावर इजा झाल्यास ९० टक्के, आणि तिथे ७८ दिवसांची अट नाही. दाखला मात्र विमा योजनेच्या डॉक्टरचा लागतो. कपात होत नसेल, तर ती का होत नाही, हे ठेकेदाराला आणि नगरपंचायतीला लेखी विचारा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि पुढे १९४८ चा कायदा झाला. हा विमा म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही, हे ठेकेदारासमोर बसताना लक्षात ठेवावे.

परत कामावर जाताना

वैद्यकीय रजेवरून हजर होताना फिटनेस दाखला द्यावा लागतो. पगार अडेल म्हणून दम लागत असताना तो घेऊ नका. अर्धवट बरी झालेली छाती पुढच्या धुरात साथ देत नाही, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या साथीदाराचाही जीव धोक्यात येतो.

घरात एक फाईल करा : केसपेपर, दाखले, एक्सरे, अर्जांच्या पोच, पगारपावत्या. या महिन्यात दोन कामे उरका. कायम असाल तर रजेच्या खात्यात किती शिल्लक आहे ते विचारून घ्या. कंत्राटी असाल तर विमा क्रमांक मागून घ्या. आग लागल्यावर हे शोधायला वेळ नसतो.