कशाचं पथ्य?

चिऊ, काल तुझा फोन झाला आणि मला रात्री झोप लागेना. "ताई, सोमवारपासून किटो सुरू करतेय, पोळी-भात बंद," असं किती सहज म्हणालीस तू! मागे बाळ रडत होतं म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता निवांत लिहिते आहे. रागावू नकोस.

आजी आठवते ना? घरात कुणी "मला पथ्य आहे" म्हटलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "कशाचं?" काविळीचं पथ्य वेगळं, बाळंतिणीचं वेगळं, आणि दुखणं सरलं की पथ्यही सुटायचं. डाएट म्हटलं की हा प्रश्न कुणी विचारतच नाही. किती किलो उतरलं, एवढंच विचारतात.

मग मी विचारते, किटो कशाचं पथ्य? अगं, ते फिट्स येणाऱ्या मुलांचं! उपाशी राहिलं की फिट्स कमी होतात हे वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होतं, पण लेकराला उपाशी तरी किती दिवस ठेवणार? म्हणून 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी वेगळी वाट सुचवली. धान्य आणि साखर जवळजवळ बंद करायची आणि लोणी-तेलावर शरीर चालवायचं. मग पोट भरलेलं असूनही शरीर उपासात असल्यासारखं चरबी जाळतं, आणि त्यातून किटोन तयार होतात. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी आजही हा आहार देतात, पण घास न् घास मोजून, अधूनमधून रक्त तपासत. त्यानं वजन उतरतं, हे खरंच आहे. मात्र पहिल्या आठवड्यात जे झरझर उतरतं त्यात पाणीच बरंचसं असतं. आणि तू अजून अंगावर पाजतेस, राणी. दुधासाठी शरीर आधीच साखर खर्च करत असतं. अशात कडक किटो केल्यानं रक्तातलं आम्ल वाढून बायकांना दवाखान्यात दाखल करावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. माझा जीव त्यामुळेच खालीवर होतोय.

बाबांच्या वेळचं सगळं तुला आम्ही सांगितलंच नव्हतं, तुझे दिवस भरत आले होते म्हणून. त्यांना बीपीसाठी डॉक्टरांनी डॅश आहार सांगितला होता. हे पथ्य खरोखर बीपीचंच. 1997 मध्ये त्यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं, बिनसायीचं दूध-दही, डाळी भरपूर आणि तळकट कमी, एवढ्यानं दोन आठवड्यांतच बीपी खाली आलेलं दिसलं. आईनं ते अगदी मनापासून केलं. सकाळी नारळपाणी, चारला केळं, रात्री टोमॅटोचं सार. लोणचं-पापड बंद. वर कुणीतरी सांगितलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं. बीपी छान राहिलं. पुढे बाबांच्या किडन्या अशक्त झाल्या, गोळ्या बदलल्या, पण ताट तेच राहिलं. ते बदलायला हवं हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग एकदा रिपोर्टात पोटॅशियम 6.1 आलं. ते साधारण 3.5 ते 5 च्या मधे असावं लागतं. थकलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते वाढलं की हृदयाची लय बिघडते. त्याच संध्याकाळी त्यांना भरती केलं. नारळपाणी, केळं, टोमॅटो, सगळ्यांतच पोटॅशियम भरपूर. आणि त्या मिठात तर सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं! आई पिशवीवरची बारीक अक्षरं वाचत ओट्यापाशी किती वेळ उभी होती. "मीच वाढत होते गं रोज," एवढंच म्हणाली.

आता ती बटाटा सोलून बारीक चिरते, पाण्यात भिजत घालते, मग भरपूर पाण्यात उकडते आणि ते पाणी ओतून देते. पोटॅशियम बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं. मीठ साधंच, पण अगदी बेतानं.

तुझ्या जाऊबाईंनाही एक सांग. पोट फुगतं म्हणून त्यांनी गहू सोडलाय ना? गव्हातलं ग्लूटेन सीलिॲक असलेल्यांना आयुष्यभर वर्ज्यच असतं, पण त्यासाठीची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच सोडला तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. तपासणीत निघालाच, तर ज्वारी, बाजरी, नाचणी आपल्या घरात आहेतच, फक्त गव्हाच्याच गिरणीतून दळून आणू नका म्हणावं.

आणि सासऱ्यांनी दोन वेळाच जेवायचं ठरवलंय म्हणालीस. साखरेच्या गोळ्या चालू असताना ते डॉक्टरांना न विचारता करू देऊ नकोस. काही गोळ्या जेवण चुकलं तरी साखर खाली खेचतातच. घाम सुटून हात थरथरायला लागले, तर आधी साखरेचं पाणी द्यायचं.

वजनाची तुझी घालमेल मला कळते गं. जुना ड्रेस अंगात जात नाही तेव्हा रडू येतं, मलाही यायचं. पण सात महिने झालेत फक्त. किटोऐवजी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडलेलं पुष्कळदा आढळतं, आणि त्यानंही वजन हलत नाही. तोवर वरण-भात, भाकरी, पालेभाजी, ताक, आणि मांसाहार करतेस तर अंडी-मासे खा. अळिवाचा लाडू खा, पण दिवसाला एकच. बाळासाठी केलेल्या खिरीतली उरलेली संपवत बसू नकोस, ते मी बघितलंय. संध्याकाळी बाळाला सासूबाईंकडे देऊन अर्धा तास चालून ये.

रिपोर्ट आले की मला पाठव. शनिवारी मी येतेच आहे, येताना ज्वारीचं पीठ आणते.